शब्दओळख : एपिडेमिक

‘एपिडेमिक’ हा इंग्रजी शब्द मूळचा ग्रीक. ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘डेमोस’ म्हणजे लोक. होमरच्या काव्यात त्याचा रोगाशी संबंध नव्हता. ‘आपल्या मुलखात असलेला’ एवढाच अर्थ होता. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत तो आजाराला जोडला गेला. साथ जगभर पसरली की ‘पॅन’, म्हणजे सर्व, लावून ‘पॅन्डेमिक’ होते. एखाद्या प्रदेशात मुक्काम ठोकून राहिलेला रोग ‘एन्डेमिक’.

आपण मराठीत साथ म्हणतो, उर्दूत वबा. मुंबईत प्लेग असताना १८९७ साली झालेल्या कायद्याच्या नावात ‘एपिडेमिक’च आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळीही तोच कायदा लागू झाला.

‘डेमोस’मध्ये सगळे लोक आले. तरीही १९१८ च्या तापाला स्पेनचे नाव चिकटले आणि २०२० मध्ये आपल्याकडे एका समाजाकडे बोट दाखवले गेले. रोग कुणाची जात-जमात विचारत नाही. ती विचारतो आपणच. मराठीत ‘साथ’ म्हणजे सोबतही. रोगाची साथ आली, तर निदान शेजाऱ्याची साथ आपण सोडू नये.