निळ्या डागावर विसंबून

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पानगळीत पाऊस लागला की बागांमध्ये पसरलेल्या लाकडाच्या ढलप्यांवर ‘सायलोसायबी सायनेसेन्स’ ही नशेची अळंबी उगवते. ती ओळखायला शिकवणारे स्वयंघोषित जाणकार छातीठोकपणे सांगतात: टोपीची कड लाटेसारखी, ओलेपणी रंग कॅरॅमलचा, दांडा पांढरट, आणि चिमटा काढला की निळा डाग. झाली ओळख! मला या शिकवणीची चीड येते. यातली प्रत्येक खूण खरी आहे, पण एवढ्यावरच थांबणं जिवावर बेतणारं आहे.

कारण त्याच ढलप्यांवर, कधी त्याच पुंजक्यात, ‘गॅलेरिना मार्जिनाटा’ही उगवते. लहानशी, तपकिरी, नजरेत न भरणारी. तिच्यातलं अमॅटॉक्सिन हे विष पेशींचं प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडतं. शिजवून ते जात नाही, वाळवूनही नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब, मग थोडा उतार. घरचे निर्धास्त होतात, आणि आत यकृत निकामी होत असतं. १९८१ साली वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावर काही तरुणांनी नशेची समजून गॅलेरिना खाल्ली. त्यांतली एक मुलगी दगावली.

टोपी कापून कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर बीजाणूंचा ठसा उमटतो. सायलोसायबीचा गडद जांभळट-तपकिरी, गॅलेरिनाचा गंजासारखा. पण खुडण्याच्या घाईत ठसा घेतो कोण? आणि घेतला तरी तो त्या एकाच अळंबीचा. टोपलीतल्या शेजारणीची हमी तो देत नाही. गॅलेरिनाच्या दांड्यावर पातळ कडं असतं म्हणावं, तर तेही पावसात गळून जातं. निळेपणाचं म्हणाल तर तो सायलोसिन या नशेच्या द्रव्याच्या ऑक्सिडीकरणातून येतो हे खरं, पण भलत्याच जातींच्या काही अळंब्याही कापल्यावर निळ्या पडतात. कवकतज्ज्ञ एल्सी वेकफील्ड यांनी १९४६ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या नमुन्यांवरून सायलोसायबी सायनेसेन्स ही जात शास्त्रशुद्ध नोंदवली. आज मात्र हे जाणकार फोनवरचा एक धूसर फोटो पाहून ‘शंभर टक्के तीच’ असा निकाल देतात. हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

गॅलेरिना शेजारी ठेवून फरक दाखवता येत नसेल, तर या लोकांनी तोंड उघडू नये. आणि कुणी अशी अळंबी खाल्लीच असेल, तर उलट्या थांबल्या म्हणून घरी बसू नका. उरलेली अळंबी बरोबर घ्या आणि तडक रुग्णालय गाठा.