वास पाण्याला नाही, आपल्या आळसाला येतोय!

ट्रेकच्या ग्रुपवर यादी पडते, त्यात पहिली ओळ ठरलेली: पाणी, तीन लिटर. तुम्ही हौसेने घेतलेलं हायड्रेशन ब्लॅडर भरता, नळी खांद्यावर अडकवता आणि पहिल्या चढावर पहिला घोट घेता. ‘ईऽऽ, याला कसला वास येतोय रे?’ मग पायथ्याच्या टपरीवरून सीलबंद बाटल्या घेतल्या जातात. वर गेल्यावर त्या रिकाम्या बाटल्यांचं काय होतं, ते कुठल्याही गडाच्या तटाखाली डोकावून बघा. कधीकधी तर पाण्याच्या टाक्यातच तरंगताना दिसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. पाणी विकत घ्यावं लागतं, कारण आपण आपलं भांडं धुवत नाही.

नव्या ब्लॅडरला प्लास्टिकचा वास असतो, मान्य. पण जुन्याला येणारा कुबट वास आपलीच कमाई. रविवारी रात्री दमून आलो की सॅक कोपऱ्यात जाते. आत उरलेलं घोटभर पाणी आणि त्यात कुणीतरी ढवळलेली ग्लुकोजची पावडर. साखर, ओल आणि बंद नळी, बुरशीला आणखी काय हवं? पंधरा दिवसांनी नळीत काळे ठिपके दिसतात आणि आपण म्हणतो, ‘कंपनीच भंगार आहे.’

उपाय स्वयंपाकघरातच आहे. कोमट पाण्यात (उकळतं नको, प्लास्टिक आहे ते) दोन चमचे खायचा सोडा विरघळवा, ब्लॅडर काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. आंबूस वास आम्लांचा असतो, सोडा तो मारतो. आता खरी गोम: सगळे पिशवी धुतात आणि नळी विसरतात. म्हणून तोंडाची गुटली दाबून सोड्याचं पाणी शेवटपर्यंत येऊ द्या आणि रात्रभर तिथेच राहू द्या. गुटली काढून वेगळी घासा, कारण सगळ्यात जास्त घाण तिथेच साठते. सकाळी दोन-तीनदा साध्या पाण्याने खळखळून धुवा. तरीही वास राहिला तर पुन्हा एकदा सोडा. काळे डाग ब्रशनेही निघत नसतील तर फक्त नळी बदला, अख्खी पिशवी फेकू नका.

वाळवताना पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि आत ओल राहते. आत घरातला झारा घालून ती उलटी टांगा. (झारा आईला विचारून घ्या, नाहीतर पुढचा ट्रेक विसरा.) पूर्ण वाळली की फ्रीझरमध्ये ठेवली तरी चालते. तिथे बुरशी वाढत नाही.

टाक्यातलं पाणी क्लोरीनच्या गोळीने शुद्ध केल्यावर येणारी दवाखान्यासारखी चव नको असेल, तर थोडं लिंबू पिळा. त्यातलं क् जीवनसत्त्व क्लोरीन मारतं. पण गोळीच्या पाकिटावर दिलेला वेळ पूर्ण होऊ द्या, साधारण अर्धा तास. आधीच पिळलंत तर जंतू मरायच्या आत क्लोरीनच मरेल. आणि हे स्टीलच्या बाटलीत करा, ब्लॅडरमध्ये नाही. ब्लॅडरमध्ये फक्त साधं पाणी.

‘एवढं कोण करत बसणार?’ असं म्हणाल. ट्रेकचे फोटो निवडून, फिल्टर लावून टाकायला जेवढा वेळ जातो, त्याहून हे कमीच आहे. पुढच्या रविवारी घरी आलात की आंघोळीला जाण्याआधी पिशवी सिंकमध्ये ठेवा. बूट नंतर काढा.