पट्टा कशाला बांधलाय?

मुलांनो, ड्रॅग रेस पाहिलीय का कधी? वळण नाही, घाट नाही, फेऱ्या नाहीत. सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या आणि अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. बस्स! अमेरिकेत या शर्यती भरवणारी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन १९५१ साली सुरू झाली. तिथे कित्येक जण घरचीच मोटार थोडी सुधारून शर्यतीत उतरवतात. पण २००७ सालपर्यंतची गाडी हे अंतर ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापत असेल, तर रोल बार हवाच. चालकाच्या पाठीमागे, बादलीच्या कडीसारखा वाकवलेला पोलादी नळ. गाडी उलटली तर छताचा भार तो झेलतो.

शिवाय हार्नेस. खांद्यांवरून दोन पट्टे, कमरेला दोन आणि पायांमधून एक. तुम्ही म्हणाल, एवढं आवळून बांधलं की झालं! पण बांधलंय कशाला, ते आधी बघायला हवं.

एक गंमत करा. वहीच्या कागदाला सुईने भोक पाडा, दोरा ओवा, मागे गाठ मारा आणि ओढा. गाठ टर्रकन बाहेर येते ना? आता दोरा बटणातून ओवून, बटण कागदामागे ठेवून ओढा. किती जोर लागतो! मोटारीच्या तळाचा पत्राही पातळच असतो. म्हणून गाडीला वेगळी चौकट नसेल, तर रोल बारच्या पायाशी पत्र्याच्या वर आणि खाली सहा इंची चौरस पोलादी पट्ट्या ठेवून बोल्टांनी घट्ट आवळतात. तेच ते बटण!

खांद्याचे पट्टे रोल बारच्या आडव्या नळाला बांधतात. हा नळ खांद्याच्या पातळीत, फार तर चार इंच खाली. पट्टे थेट खाली जमिनीला बांधले तर? धडक बसली की शरीर पुढे जातं, पट्टे खांदे खाली दाबतात आणि सगळा भार पाठीच्या कण्यावर येतो. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. खांद्याचे पट्टे त्याला वर ओढतात, म्हणून पायांमधला पाचवा पट्टा त्याला खाली धरून ठेवतो.

आता आई-बाबांसाठी. रंगीत हार्नेस छान दिसतो म्हणून घरच्या गाडीत बसवू नका. साध्या पट्ट्यात छत दबलं तर माणूस थोडा कलंडू तरी शकतो, हार्नेस त्याला ताठ धरून ठेवतो. मग वर रोल बार नको का? आणि नुसता रोल बार बसवला, तर हेल्मेट नसलेलं डोकं त्याच पोलादावर आपटायचं! शर्यतीत नळाला जाड गादी गुंडाळतात आणि हेल्मेट तर असतंच. कंपनीने दिलेला पट्टाच घरच्या गाडीला बरा.

आणि हो, शर्यतीच्या पट्ट्यांवर तारखेची चिठ्ठी असते. नेहमीचे पट्टे तयार झाल्यापासून दोन वर्षांनी बदलावेच लागतात, मग ते कितीही नवे दिसोत. उन्हाने धागा कमजोर होतो. गच्चीवरची नायलॉनची दोरी दोन-चार उन्हाळ्यांनंतर कशी होते, आजीला विचारा!