सहीपूर्वीचे स्वातंत्र्य

अमेरिकेत घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना अनाहूत सल्ला देणारे एक बहुश्रुत गृहस्थ अलीकडे असे प्रतिपादन करू लागले आहेत की, वसाहतीच्या असोसिएशनची नियमावली खरेदीपूर्वी वाचणे हा निव्वळ कालापव्यय होय. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : नियम सगळीकडे सारखेच असतात, ते घरांच्या किमती टिकवण्यासाठी असतात, सज्जनांना त्यांचा उपद्रव होत नाही, आणि प्रसंग आलाच, तर स्वतःच्या पैशाने घेतलेल्या घरात शेजाऱ्यांचा हुकूम चालत नाही असा निवाडा कोणतेही न्यायालय देईल. आयुष्यभराची मिळकत पणाला लावणाऱ्या माणसाला इतका बेजबाबदार सल्ला द्यावा आणि त्याला व्यवहारज्ञान म्हणावे, याचा संताप आल्यावाचून राहत नाही.

पहिल्या तीन मुद्द्यांचा समाचार थोडक्यात घेता येतो. नियम सारखे नसतात. एका वसाहतीत घर भाड्याने देण्यास मुभा असते, तर पलीकडच्याच वसाहतीत त्यास सक्त मनाई असते. किमती टिकतात हे क्षणभर मान्य केले, तरी त्या टिकवण्याचा खर्च मासिक वर्गणी आणि विशेष आकारणी या वाटांनी खरेदीदाराकडूनच वसूल होतो. राहिला सज्जनपणा. थकलेल्या वर्गणीचा बोजा घरावर चढतो, आणि थकवणारा सज्जन होता की दुर्जन, याची चौकशी कायदा करीत नाही. कॅलिफोर्नियात थकबाकी १,८०० डॉलरवर गेली, किंवा बारा महिन्यांहून जुनी झाली, की घर विकून वसुली करण्याचा मार्ग असोसिएशनला मोकळा होतो. नेवाडात तर नऊ महिन्यांच्या वर्गणीचा हक्क बँकेच्या पहिल्या गहाणाच्याही आधी लागतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला.

चौथा मुद्दा मात्र मुळापासून खोडला पाहिजे, कारण साऱ्या गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. ‘माझे घर, माझी मर्जी’ हे तत्त्व इंग्रजी परंपरेच्या न्यायालयांनी या बाबतीत कधीच बाजूला सारले आहे. लंडनच्या लेस्टर चौकातील बाग १८०८ साली विकताना मालकाने ती मोकळीच ठेवावी अशी अट घातली. जमीन हातोहात फिरत पुढे ज्याच्याकडे आली, त्याने स्वतः तसा करार केलेला नव्हता, परंतु अटीची माहिती त्याला होती, आणि एवढ्यावरूनच १८४८ साली न्यायालयाने त्याला ती बंधनकारक ठरवली. अट माणसाला नव्हे, जमिनीला चिकटते, हा विचार तेथे रुजला आणि अमेरिकेत तो फोफावला. लॉस एंजेलिसजवळच्या एका संकुलात एका बाईंनी तीन मांजरे घरातच पाळली होती. ती कोणाला त्रास देत नाहीत, आणि बंदीचा नियम आपल्याला खरेदीच्या वेळी ठाऊक नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली असोसिएशनचा पक्ष उचलून धरला : नोंदलेल्या दस्तातील निर्बंध वाजवी आहे असेच गृहीत धरले जाईल, आणि त्याची पारख एका घराच्या गैरसोयीवरून नव्हे, तर साऱ्या संकुलाच्या हिताहितावरून होईल. पुढे विधिमंडळाने निदान एक प्राणी पाळण्याची मोकळीक देणारा कायदा केला हे खरे. परंतु त्या बाई न्यायालयात हरल्या त्या हरल्याच.

आमच्या गृहस्थांचा आवडता दाखला वर्णभेदी निर्बंधांचा आहे. कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशी कलमे न्यायालयांनी अंमलात आणू नयेत असा निर्णय १९४८ साली झाला, आणि १९६८ च्या कायद्याने असा भेदभावच बेकायदा ठरला. तेव्हा अन्यायकारक निर्बंध टिकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. परंतु ती कलमे पडली ती समानतेच्या घटनात्मक तत्त्वावर, कोणा मालकाच्या नाराजीवर नव्हे. आणि त्यासाठी माणसांना पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले. छोट्या डिश अँटेनाला १९९६ साली संरक्षण मिळाले, तेही संघराज्याच्या नियमाने. टेक्सासने २०११ साली दारावर धर्मचिन्ह लावण्याचा हक्क दिला, तो पंचवीस चौरस इंचांपुरता. आंब्याच्या पानांचे साधे तोरणही त्यात मावले नसते, आणि ही मर्यादा उठायला २०२१ साल उजाडावे लागले. ज्या हक्काला कायद्याचा आधार नाही, तो निर्बंधापुढे टिकत नाही.

न वाचता सही करण्याचा वाद आपल्याकडे जुना आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि १८७९ च्या कायद्याने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. निरक्षराच्या अंगठ्यासाठी ती दया न्याय्यच होती. परंतु ज्याला वाचता येते आणि ज्याच्या हाती दस्त वेळेवर पडतो, त्याने त्याच दयेवर भिस्त ठेवावी, हा उपदेश शिक्षणाचाच अवमान आहे.

मग करावे काय? काउंटीच्या दप्तरात नोंदलेला मूळ निर्बंधपत्राचा दस्त आधी वाचावा, कारण पोटनियम बदलणे त्यामानाने सोपे, मूळ दस्त बदलणे दुष्कर. अंदाजपत्रक आणि राखीव निधीचा अहवाल पाहावा; निधी आटलेला असेल, तर छपरे आणि रस्ते यांचा खर्च विशेष आकारणीने येणार हे ओळखावे. सभांची इतिवृत्ते आणि चालू दावे मागावेत. भाडे, पाळीव प्राणी, वाहने आणि बाहेरचे फेरफार यांची कलमे घरातल्या सर्वांनी मिळून वाचावीत. अनेक राज्यांत विक्रेत्याला ही कागदपत्रे द्यावीच लागतात, आणि काही ठिकाणी ती हाती आल्यावर ठरावीक दिवसांत सौदा मोडण्याची मुभा असते. ती मुदत वकिलाकडून आधीच समजून घ्यावी.

निर्बंध असणे हे पाप नव्हे. बाग मोकळी राहावी असे अनेकांना वाटत असेल, तर त्यांनी तसे बंधन आपखुशीने स्वीकारावे. ती संमतीच त्या बंधनाला नैतिक बळ देते. परंतु कायद्याच्या दृष्टीने ही संमती खरेदीच्या क्षणी पुरी होते, आणि त्यानंतर उरतो तो दंड, अर्ज आणि बहुमताची याचना. म्हणून खरेदीदाराचे खरे स्वातंत्र्य सहीच्या आधीच्या त्या थोड्या दिवसांत आहे, आणि ते वाया घालवा असे सांगणारा सल्लागार त्याचा हितचिंतक असू शकत नाही.