पाणी पाजणे

ज्यांनी माझ्या गाडीला पाणी पाजलं ते सगळे माझे हितचिंतक होते, हे आधीच सांगून टाकतो. शत्रूनं पाणी पाजलं तर माणूस निदान सावध तरी असतो. हितचिंतकाच्या हातात प्लास्टिकचा मग असतो आणि तो आपल्याच न्हाणीघरातला असतो.

मी बँकेत कारकून. बी. कॉम. झालो तेव्हा घसारा काढायचा कसा हे शिकलो, घसारा होतो कसा हे गाडी घेतल्यावर कळलं. पुण्याच्या भाच्यानं त्याची टर्बो गाडी मला स्वस्तात दिली. गाडीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काडीचाही दोष नाही. "मामा, ही परफॉर्मन्सची गाडी आहे," भाचा म्हणाला. आमच्या मुरुमात परफॉर्मन्स म्हणजे जत्रेतला तमाशा. गावाचं नावच मुळी रस्त्यावर टाकायच्या खड्यांचं, तिथं असली गाडी म्हणजे खडीच्या ढिगावर बसवलेली मोरणी. पण घेतली.

चार महिन्यांत कूलंट कमी झालं म्हणून मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री माझ्याकडे बघून, लहान मुलानं चंद्र मागावा तसं हसले. "सायेब, कूलंट म्हंजी रंगीत पाणी. कंपनीचा धंदा हाय. आमच्या बानं जिंदगीभर जीपीत हिरीचं पाणी वतलं, काय झालं का?" आणि त्यांनी बोरचं पाणी ओतलं. माझे चारशे रुपये वाचले. मी ते मनातल्या मनात बचत खात्यात जमासुद्धा केले.

आता या पाणीवाल्या पक्षाशी माझं जे भांडण आहे, ते रीतसर मांडतो. त्यांचं एक म्हणणं खरं आहे आणि ते नाकारलं तर मी खोटा ठरेन. उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं केलं तर हाच आकडा साडेतीनाच्या आसपास येतो. म्हणजे हमालीच्या कामात पाणी वरचढ. शर्यतीच्या मैदानांवर तर कित्येक ठिकाणी ग्लायकॉलला बंदीच असते, कारण ते सांडलं की रस्ता घसरडा होतो. तिथले लोक पाणीच घालतात. पण ते शुद्ध पाणी असतं, त्यात गंज रोखणारं औषध असतं आणि शर्यती झाल्या की इंजिन उघडून बघणारी माणसं असतात. माझ्याकडे मिस्त्री आहेत.

आणि पाणी कुठलं? बोरचं. ज्या पाण्यानं आमच्या हीटरच्या कॉइलवर वर्षभरात पांढरा थर बसतो आणि ज्यात साबणाला फेस येत नाही, ते पाणी रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांतून फिरवायचं! पाणी तापलं की त्यातला चुना सुटतो आणि नेमका जिथं सगळ्यात गरम असेल तिथं, म्हणजे हेडमध्ये, जाऊन बसतो. धातू आणि पाणी यांच्यामध्ये चुन्याची भिंत उभी राहिली, की पाण्याच्या अंगी कितीही गुण असोत, उपयोग काय? बँकेत लाखो रुपये आहेत, पण तिजोरीची किल्ली हरवली आहे, अशातला तो प्रकार. शिवाय हे पाणी आम्हाला काही फुकट मिळत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख. आणि इथला माणूस म्हणतो, कूलंट महाग, पाणी ओता.

बोरच्या पाण्यावर महिनाभर गेल्यावर काटा थोडा वर सरकायला लागला. मिस्त्रींकडे त्यालाही इलाज होता. "थर्मोस्टॅट काढून टाकतो. आपल्याकडं त्याची गरजच न्हाई. ते बर्फाच्या देशातलं हाय." मी मान डोलावली. हीच माझी चूक.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची एक चिमुकली डबी. पाणी साधारण ८२ ते ९० अंशांवर गेलं की मेण फुगतं, दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर दार बंद. का बंद? कारण इंजिनाला गरम व्हायचंच असतं हो! इथंच आपल्या सगळ्या समाजाची गफलत आहे. ताप म्हटला की आपण लगेच कपाळावर पट्टी ठेवतो. इंजिनाचा ९० अंश हा ताप नव्हे, ती त्याची तब्येत आहे. थंड इंजिनात तेल घट्ट राहतं, झीज वाढते आणि आतल्या संगणकाला वाटतं की मालक आत्ताच अंथरुणातून उठले आहेत, घाला पेट्रोल. माझी गाडी लिटरला पंधरा देत होती ती अकरावर आली. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की पाणी रेडिएटरला बगल देऊन आतल्या आत फिरतं, आणि थंड करण्याच्या नादात गाडी उलट तापते. पण काटा खाली आला म्हणून मी खूष होतो. कारकून माणूस, आकडा खाली आला की खूष होतो.

मे महिन्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी सोलापूरला न्यायचं होतं. आईचं वय चौऱ्याहत्तर. बाहेर ४३ अंश. एसी लावला, टर्बोचा आवाज आईला ऐकवला, मुरुम मोडाला हायवेला लागलो. आणि गाडी तापली कुठं म्हणाल? जळकोटच्या पुढे! नावातच जळणं आहे, तिथं आमची काय कथा.

काटा लाल पट्ट्यात. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, हळूहळू कडेला घ्या." आधी वाटलं, हा थट्टा करतोय. पण खरंच आहे ते, हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो आत ओढतो. तेव्हा त्या मे महिन्याच्या दुपारी, आईच्या पायांवर मी हीटर सोडला. आई शांतपणे म्हणाली, "अरे, मला थंडी वाजत नाही."

नळदुर्गचा किल्ला तिथून जवळच. आदिलशाहीतल्या लोकांनी बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल बांधला. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा बसतो. पाणी कुठून न्यायचं, किती न्यायचं आणि कुठं अडवायचं, हे त्यांना तेव्हा कळत होतं. मी बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत आईला बसवून बॉनेट उघडलं.

इथं एक ट्रक थांबला. क्लीनर उतरला, सतरा-अठरा वर्षांचं पोरगं. "काका, पाणी हाय माझ्याकडं," म्हणाला आणि मी "थांब" म्हणेपर्यंत त्यानं फडकं लावून झाकण फिरवलं. बंद झाकणाखाली दाब असतो म्हणून शंभराच्या वर गेलेलं पाणीही उकळत नाही. दाब सुटला की ते एका क्षणात उकळतं. पोराच्या कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी गेली. मदत करायला आलेल्या पोराची. ट्रकवाल्याच्या केबिनमधून आम्ही तिघे नळदुर्गला दवाखान्यात गेलो. आईनं वाटभर आपल्या पदरानं त्याला वारा घातला. तो सारखं म्हणत होता, "काय न्हाई आजी, व्हतंय बरं." इंजिन निदान अर्धा-पाऊण तास थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये, हे मला माहीत होतं. त्याला नव्हतं.

पुढं गाडीचं हेड उतरवलं, फेस मारला, गॅस्किट बदललं. बत्तीस हजार. तो आकडा मी सांगतो कारण लोकांना आकडाच ऐकायचा असतो. झाकणाचं रबरसुद्धा गेलेलं निघालं. आमचा मुलूख पाचशे मीटरच्या वर, इथं उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. दाब धरणारं झाकण नसेल तर तुमची टर्बो आणि चहाचं आधण यात फरक राहत नाही.

आता दुसऱ्या पक्षालाही सोडत नाही. भाच्याचं म्हणणं, अजिबात पाणी नसलेलं परदेशी कूलंट घाला, काटा कधी हलणार नाही. ते सहजासहजी उकळत नाही हे कबूल, पण उष्णताही पाण्याइतकी उचलत नाही. शेजारचे गुरुजी म्हणतात, हिरवं चांगलं. त्यांचे मेहुणे म्हणतात, गुलाबी. अहो, रंग म्हणजे रंग! कुठल्या कंपनीनं कुठला रंग घालावा असा काही जगाचा कायदा नाही. जुन्या पद्धतीचं कूलंट दोनेक वर्षांत बदलावं लागतं, सेंद्रिय आम्लांचं पाचेक वर्षं जातं, आणि दोन्ही एकत्र केली तर गाळ धरण्याची भीती. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. पुस्तक भाच्यानं मला पहिल्याच दिवशी दिलं होतं. ते कपाटात, पासबुकांच्या खाली होतं.

परवा मिस्त्रींसमोर डिस्टिल्ड पाण्याचा कॅन ठेवला. "ब्याटरीचं पाणी रेडिएटरात?" ते म्हणाले, पण नवा थर्मोस्टॅट त्यांनीच बसवला, आणि निमूटपणे. उरलेलं कूलंट मी माळ्यावर कुलूप लावून ठेवलं आहे. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, पोरंटोरं आणि कुत्री दोघंही फसतात.

माझं हे सगळं व्याख्यान घरी पुन्हा एकदा झालं. सौ. नी ऐकून घेतलं, माठाकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे गाडीला डिस्टिल्ड, आणि आम्हाला बोरचं?"