बीपी मोजला, मनाचं कोण विचारणार?

आशाताई गावात तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, सगळं विचारलं जातं. त्याच फॉर्ममध्ये आणखी दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही का, उदास वाटलं का? ओसरीवर चारचौघांत याचं खरं उत्तर कोण देणार? 'सगळं बरंय' म्हटलं की विषय संपला.

पण या प्रश्नांचा संबंध हृदयाशीही आहे. 52 देशांतल्या रुग्णांवरचा 'इंटरहार्ट' अभ्यास 2004 मध्ये आला. त्यात भारतही होता. हार्ट अटॅकशी जोडलेल्या नऊ मुख्य गोष्टींत मानसिक ताण आणि नैराश्य निघालं. काळजीनं नाडी, बीपी चढतो. उदास माणूस गोळ्या चुकवतो, तंबाखू वाढवतो. अटॅक येऊन गेलेल्याला नैराश्य आलं तर धोका आणखी वाढतो. घरचे मात्र तेल-मीठ तेवढं सांभाळतात.

उलटंही होतं. छातीत दुखलं तरी 'टेन्शन असेल' म्हणत लोक सकाळची वाट बघतात. ते डॉक्टरांना ठरवू द्यावं, लगेच 108 ला फोन लावावा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास. आणि ते दोन प्रश्न आशाताईंनी माणसाला बाजूला घेऊन विचारावेत, एवढी सूचना तालुका आरोग्य विभाग नक्कीच काढू शकतो.