पूररेषा भिंतीवर रंगवा

चेन्नईत १ डिसेंबर २०१५ च्या रात्री चेंबरमबाक्कम तलावातून सेकंदाला सुमारे २९ हजार घनफूट पाणी अडयार नदीत सोडले जात होते. वरच्या अंगाच्या असंख्य तळ्यांचे पाणीही त्याच पात्रात उतरत होते. सैदापेट, कोट्टूरपुरम बुडाले. विमानतळाची धावपट्टीही पाण्याखाली गेली. ‘कॅग’ने पुढे या आपत्तीला मानवनिर्मित ठरवले. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये, मिचाँग चक्रीवादळात, शहर पुन्हा बुडाले.

एका तलावाचा विसर्ग मोजून पुराचा धोका कळत नाही. तळी, सांडवे, पुलांखालची वाट, भरतीला मुखाशी तुंबणारे पाणी अशा साऱ्या खोऱ्याचा हिशेब मांडावा लागतो. महाराष्ट्रात सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी लाल रेषा आखण्याची पद्धत आहे. पण नकाशावरची रेषा रहिवाशाला दिसत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ गिळली, तेव्हा हे पुरते कळून चुकले.

म्हणून पूररेषा विजेच्या खांबांवर आणि शाळांच्या भिंतींवर रंगवा. विसर्गाच्या आकड्यासोबत कोणत्या गल्लीत किती फूट पाणी चढेल, हेही सांगा. आणि निळ्या रेषेच्या आत बांधकामाची परवानगी देणाऱ्याला जबाबदार धरा.